मी गाडी पुढे घेऊन येतो

प्रिय टिटवे,

पत्र पाहून दचकू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, गाडी कुठे ठोकलेली नाही आणि कंपनीने मला अजून घरी बसवलेलं नाही. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. आयुष्यभर फोन म्हणजे कुठे पोहोचलात, किती वेळ लागेल, बरं ठेवतो, एवढंच. चौथं वाक्य आलं की माझा अंगठा आपोआप लाल बटणावर जातो. म्हणून कागद घेतला. पहिला कागद फाडून टाकला, कारण त्यात चार ओळींतच तुझ्या काकांना शिव्या आल्या. या कागदातही येतील, पण बेताने. आधी पोटात साचलंय ते बाहेर काढतो, मग मुद्द्याचं लिहितो. मुद्दा शेवटी आहे म्हणून पानं उलटून तिकडे उडी मारू नकोस. लहानपणी गोष्टीचा शेवट आधी वाचायचीस तू, ती खोड अजून गेली असेल असं मला वाटत नाही.

तर, तुझे काका मला आवडत नाहीत. हे तुला नवीन नाही, पण आजवर मी ते तोंडाने कधी म्हटलं नव्हतं, आज म्हणतो. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं! तुझी आई आणि मी वेगळे झालो तेव्हा तू दुसरीत होतीस. पुढे तिने या दातांच्या डॉक्टरशी, म्हणजे तुझ्या या काकांशी, लग्न केलं, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, बघू या, किती दिवस टिकतात याची ती पांढरीशुभ्र बत्तिशी आणि गोड बोलणं. टिकली की! वीस वर्षं टिकली. हा माणूस दारू पीत नाही, आवाज चढवत नाही, तुझ्या आईचा वाढदिवस विसरत नाही. माझ्याशी बोलताना अजून अहो-जाहो करतो. एखाद्याचा मत्सर करायचा तर समोरच्याने थोडी तरी मदत करावी लागते, हा गृहस्थ तेवढीही करत नाही. आणि मी जळतो ते तुझ्या आईवरून नाही, ते केव्हाच मिटलं. मी जळतो तुझ्यावरून. तुझ्या लेखी बाप म्हणून माझी जागा अजून शिल्लक आहे, की तीही त्यांनी न मागता, न भांडता घेऊन टाकली, हा एकच किडा माझ्या डोक्यात गेली कित्येक वर्षं वळवळतो आहे. रविवारी तर तो दिवसभर वळवळत होता.

रविवारच्या त्या फिरण्यासाठी तुझा फोन आला तेव्हा मी डेपोत होतो. तू म्हणालीस, बाबा, त्या समुद्रकाठच्या हवेलीला तू इतक्यांदा गाडी घेऊन गेलास, आत कधी गेलायस का? चल, मी दाखवते. खरं सांगू, माझ्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं. कारण खरोखरच मी कधी आत गेलो नव्हतो. आमची जात पार्किंगवाल्यांची. पॅसेंजर उतरले, दार लावलं, की आम्ही झाडाखाली. कोणी पेपर पसरून आडवा होतो, कोणी टायरला लाथा मारत फिरतो, कोणी पत्ते काढतो. त्या हवेलीच्या पार्किंगमधला खड्डा न् खड्डा मला पाठ आहे, पण आत राजा राहत होता की वाणी, ते मी पॅसेंजरांच्या गप्पांवरून ऐकलेलं. आणि माझी मुलगी मला म्हणते, तुला आत नेते! मी शर्टाला कडक इस्त्री केली, नवे बूट काढले, केसही कापून घेतले. कटिंगवाल्याने विचारलं, कुठे लग्नाला का? मी म्हटलं, लेकीबरोबर फिरायला. आपण दोघंच जाणार, असं तू म्हणाली नव्हतीस. ते मी माझ्या मनाने घातलं.

मग आदल्या संध्याकाळी तू कळवलंस की माझ्या घरी नको, आईच्या घरी न्यायला ये, रात्री मी तिथेच आहे. जावईबापूंना काम आहे, आई मावशीकडे गेली आहे, काका एकटेच आहेत, तर तेही येतील, चालेल ना? चालेल, म्हटलं. नाही कसं म्हणणार? पण तळपायाची आग मस्तकात गेली. जावई येणार नव्हता त्याचं मला काहीच वाटलं नाही, बघ. तुझ्या आवाजात काही कमी-जास्त होतं का, तेही मी ऐकलं नाही. मला फक्त एवढंच ऐकू आलं की त्यांना एकटं टाकवत नाही तुला. मी एकटा राहतो त्याला किती वर्षं झाली, ते कोण धरतंय!

सकाळी तू खाली आलीस ती भलीमोठी बॅग घेऊन. मी विचारलं, एका दिवसाला एवढं काय? जुने कपडे आहेत, कुठेतरी द्यायचे आहेत, असं म्हणत तू ती डिकीत टाकलीस. गाडी तुझी, चालवायला मी, हे आपलं ठरलेलंच. काकांचे पाय लांब म्हणून ते पुढे बसले आणि तू मागे. म्हणजे मी नेहमीसारखाच ड्रायव्हर आणि शेजारी साहेब! वाटेत ते म्हणाले, तुम्ही किती सफाईने चालवता हो, आमच्या हिला गाडीत मळमळतं, आज मुळीच मळमळत नाहीये. आमच्या हिला! म्हणजे तुला. लहानपणी तुला माझ्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसवून मी घाटाघाटांतून फिरवलं, तेव्हा नाही कधी मळमळलं ते. मी नुसता तिसरा गिअर जरा जोरात टाकला. आणि मग तू मागून म्हणालीस, काका, तुझा चष्मा माझ्याकडे आहे, शोधू नकोस. तुझा! आजवर तू त्यांना तुम्ही म्हणायचीस. मला तू आणि त्यांना तुम्ही, एवढा एक माझा किल्ला मी सांभाळून ठेवला होता. तो कधी पडला, कोणी पाडला, मला कोणी कळवलंही नाही. पुढे तासभर तू काही बोलली नाहीस. टिटवी म्हणून ज्या पोरीला मी नाव ठेवलं, जिची टकळी घरी पोहोचेपर्यंत बंद व्हायची नाही, ती तासभर गप्प, आणि मी ते धरलं आपल्यावरच. म्हटलं, माझ्यासमोर हिला संकोच होतोय.

हवेली छान आहे, यात वाद नाही. दारातच आपल्या बुटांवर ती निळी कापडी खोळ चढवायला लावली, आणि माझे नवे बूट झाकले गेले. तिकिटं काकांनी काढली. ज्येष्ठ नागरिकांची सवलत त्यांनी दोघांसाठीही मागितली, माझं वय न विचारता. पुढे ती छत्री उंच धरून चालणारी गाईडबाई. मोठ्या हॉलमध्ये टेबल मांडून ठेवलेलं, मेणाची फळं, चांदीचे चमचे, दोरी आडवी बांधलेली. स्वयंपाकघरात भिंतीवर घंटांची रांग, कुठल्या खोलीतून कोणी दोरी ओढली ते नोकरांना कळावं म्हणून. मला तबेला सगळ्यांत आवडला. तबेल्याच्या वर गाडीवानाची खोली आहे, एक खाट, एक पेटी आणि एक खिडकी. खिडकी बरोब्बर पोर्चकडे उघडते, मालक बाहेर पडले की दिसावेत म्हणून. मी तिथे जरा रेंगाळलो. काका मागून आले आणि म्हणाले, या घरात राहायचं झालं असतं तर मी हीच खोली मागून घेतली असती. बोलले ते मनापासून, पण मला वाटलं, हीसुद्धा तुम्हालाच हवी का? आख्खी हवेली पडलीय की!

वरच्या मजल्यावर मालकाची आणि मालकिणीची वेगवेगळी झोपायची दालनं आहेत, मध्ये एक दार. गाईडबाई म्हणाली, बघा, या दाराला कडी फक्त बाईंच्या बाजूने आहे. सगळे खो-खो हसले. एका नवऱ्याने बायकोला कोपरखळी मारली. तू हसली नाहीस. सगळे पुढे गेले तरी तू त्या कडीकडे बघत उभी होतीस, आणि मी तुझ्यापाशी आलो तर मला म्हणालीस, बाबा, एकटं राहायची सवय व्हायला किती दिवस लागतात रे? असा प्रश्न पोर उगाच विचारते का? पण अक्कल तेव्हा पार्किंगमध्ये ठेवून आलो होतो. माझं लक्ष कुठे, तर तुझी शाल काकांच्या हातावर होती त्याकडे. त्यांच्या हातावर का, माझा हात काय मोडलाय? मी म्हटलं, कुकरच्या शिट्ट्या न मोजता भात जमायला लागला की झाली सवय. आणि स्वतःच हसलो. तू म्हणालीस, असं होय.

मग चहा. तबेल्याच्या शेजारी ते चहाचं दुकान काढलंय ना, तिथे आपण बसलो. मी तुझ्या कपात दोन चमचे साखर घातली आणि ढवळून तुझ्यापुढे सरकवली, मोठ्या प्रेमाने. काकांनी आपला बिनसाखरेचा कप तुझ्यापुढे ठेवला आणि तुझा स्वतःकडे ओढला. मी विचारलं, साखर कधी सोडलीस? तू म्हणालीस, झाली की चार वर्षं. चार वर्षं माझ्या घरी आलीस तेव्हा तेव्हा माझा गोडमिट्ट चहा तू मुकाट्याने पीत आलीस, हे मला तिथे, त्या माणसासमोर कळलं. त्यांनी मुद्दाम नाही केलं, मला कळतं. पण नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच. दातांचा डॉक्टर, आणि साखरेचा चहा स्वतः पितो! तेवढ्यात तू म्हणालीस, चला, आता किनाऱ्याच्या वाटेने चालू या. त्याबरोबर काकांनी गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, माझा गुडघा कुरकुरतोय, मी इथेच बसतो पेपर वाचत, तुम्ही दोघं या जाऊन. आणि तुझ्याकडे बघून हलकेच मान हलवली.

ती मान मी पाहिली आणि माझं डोकं फिरलं. मला वाटलं, हे तर ठरवून चाललंय. घरातून निघतानाच तुमचं बोलणं झालं असणार, की बिचाऱ्याला तासभर देऊन टाकू. म्हणजे माझी मुलगी मला तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळणार, आणि वर उपकार त्यांचे! मी म्हटलं, आधी गाडी बघून येतो. तू म्हणालीस, लवकर ये बाबा, मी बागेच्या फाटकापाशी थांबते. मी तरातरा पार्किंगला निघालो. तिथे आमचा भोंगा होता, तीस वर्षं बस चालवणारा, ज्याचं बोलणं चार गाड्यांपलीकडे ऐकू जातं. मला इस्त्रीत बघून म्हणाला, आज साहेब झालास की काय! मी म्हटलं, कसला साहेब. गप्पा झाल्या. भोंगा म्हणाला, ती किनाऱ्याची वाट सरळ दीपगृहापाशी निघते, परत यायला तेवढंच चालावं लागतं, पॅसेंजर रडकुंडीला येतात, म्हणून आम्ही वळसा घालून गाड्या तिकडे नेऊन उभ्या करतो. मी म्हटलं, नवीन काय सांगतोस, मीही तेच करत आलो आहे.

आणि टिटवे, हात आपोआप खिशातल्या किल्लीकडे गेला. आम्हा लोकांची खोडच ती. पॅसेंजरला आलेल्या वाटेने परत चालायला लावायचं नाही. तो थकून बाहेर पडला की समोर गाडी पाहिजे, दार उघडं पाहिजे. त्याला माया समज, सवय समज, मला तीच एक येते. पण तेवढंच होतं असं म्हणालो तर खोटं होईल. फुगलोही होतो. भिकेत मिळालेला तास मला नको होता. म्हटलं, जा, हिंडा त्या गुडघेवाल्याबरोबर. तुला फोन लावला आणि म्हणालो, मी गाडी पुढे घेऊन येतो, दीपगृहापाशी, तू आणि काका या चालत, सावकाश आण त्यांना. तू म्हणालीस, अरे बाबा, पण ऐक ना. मी म्हटलं, बरं, ठेवतो. आणि ठेवला. स्टार्टर मारताना मला वाटत होतं की आपण फार मानी आणि वर फार उपयोगी माणूस आहोत. अशा वेळी कोणी श्रीमुखात द्यायला पाहिजे, पण नेमकं तेव्हा कोणी नसतं.

दीपगृहापाशी वारा भणाणत होता. खाली समुद्र काळपट निळा, आणि ती पायवाट कड्याच्या कडेकडेने पार हवेलीपर्यंत दिसत होती. बऱ्याच वेळाने तुम्ही दोघं दिसलात, आधी नुसते ठिपके. मग तुझी पिवळी ओढणी ओळखू आली आणि त्यांची टोपी. गुडघा कुरकुरतो म्हणे, आणि चालतोय बघ कसा! अर्ध्या वाटेत बाक आहे, तिथे तुम्ही बसलात. बसलात ते उठायचं नावच नाही. त्यांनी कोट काढला आणि तुझ्या खांद्यांवर घातला. मग त्यांचा हात तुझ्या पाठीवर होता, कितीतरी वेळ. मी आपला काच पुसतोय. पुढची पुसली, मागची पुसली, आरसे पुसले. स्वच्छ काच किती पुसणार माणूस? अंगाचा तिळपापड होत होता. मनात म्हणत होतो, एवढं काय गूज आहे दोघांचं, जे मला इतक्या लांबून बघायला लागतंय? कड्यावरून ओरडून विचारावं असं वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की आत्ता पळत गेलो तर अजून पोहोचेन त्या बाकापर्यंत. नाही गेलो. गाडी सोडून कसा जाणार, अशी स्वतःची समजूत काढली. तिथे गाडी न्यायला येणार होतं कोण, वारा?

तुम्ही आलात तेव्हा तुझे डोळे लाल होते. काका म्हणाले, वारा फार आहे. मी वाऱ्यावर विश्वास ठेवला. मी काय म्हणालो आठवतंय? काय मग, झाली का मजा? तू हो म्हणालीस. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि तुझ्यासाठी मागचं दार उघडलं. परतीच्या वाटेवर मी रेडिओ लावला, तू म्हणालीस, बंद कर ना. त्यांच्या घराखाली गाडी थांबवली तर तू डिकीतून ती बॅग काढलीस. मी विचारलं, कपडे द्यायचे राहिले वाटतं? तू म्हणालीस, राहू दे बाबा, पुन्हा कधीतरी. एक बंद तू धरलास, एक त्यांनी, आणि तुम्ही दोघं जिना चढलात. मला वाटलं, बघा, रविवारी रात्रीसुद्धा हिला त्यांच्याच घरी राहायचंय. गाडी तिथेच खाली लावली, किल्ली त्यांच्या टपालाच्या पेटीत टाकली आणि बसने घरी आलो. रागाने जेवलो नाही. उपाशी राहून मी कोणाला धडा शिकवत होतो, देव जाणे.

आता मुद्दा. बुधवारी डेपोत गाडी धूत होतो, तेव्हा तुझ्या काकांचा फोन आला. म्हणाले, तिला सांगू नका मी फोन केला ते. मी हो म्हटलं, आणि आता सांगतो आहे. त्यांच्याविरुद्ध एवढी एक तरी खुन्नस काढू दे मला. त्यांनी सांगितलं की तू नवऱ्याचं घर सोडलं आहेस. का सोडलंस ते तू त्यांना सांगितलं असशील, पण त्यांनी मला सांगितलं नाही, आणि बरं केलं. ते म्हणाले, ती बॅग द्यायच्या कपड्यांची नव्हती, त्या संध्याकाळी ती तुमच्याबरोबर तुमच्या घरी येणार होती. किनाऱ्याच्या वाटेवर तेच विचारणार होती. मला तिने आधी एवढंच सांगितलं होतं की काका, तासभर चहाच्या दुकानात बस, मला बाबाशी बोलायचंय. तुम्ही निघून गेलात म्हणून मी तिच्याबरोबर गेलो, आणि बाकापाशी तिला आवरेना. तेव्हा मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे एवढ्या खोल्या, मग माझ्याकडे का? तर म्हणाले, मीही तेच विचारलं. ती म्हणाली, आई रडत बसेल, काका, तू समजूत घालशील. बाबा काही विचारणार नाही, नुसतं राहू देईल. आणि मग त्यांनी ते सांगितलं ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. म्हणाले, तिला वाटतंय की कडीपाशी तिने विचारलं त्यावरून तुम्हाला सगळं कळलं, आणि नको ते ऐकायला लागू नये म्हणून तुम्ही गाडी घेऊन पळालात. मी म्हटलं तिला की तसं नाही, पण ती आता पुन्हा विचारणार नाही.

पोरी, मी पळालो नाही. मला काहीएक कळलं नव्हतं. मी दिवसभर त्या माणसाकडे बघण्यात इतका गुंग होतो की तुझ्याकडे बघितलंच नाही, एवढाच काय तो प्रकार. आणि आणखी एक सांगतो, ते ऐकून मला नालायक म्हण. काका बोलत होते तेव्हा पहिल्यांदा मला काय झालं असेल? आनंद झाला. पाण्याचा पाइप हातात तसाच वाहतोय, आणि मी मनात म्हणतोय, तिने माझं घर निवडलं, त्यांचं नाही! मग कळलं की ते कशासाठी निवडलं, आणि पाइप बंद करून मी तिथेच बसच्या पायरीवर बसलो. तू आपल्या घरी सुखात असतीस, सुट्टीला त्यांच्याकडे गेली असतीस, त्यांना काका काका करत हिंडली असतीस, आणि मी दुरून जन्मभर जळत राहिलो असतो, तर ते मला जास्त परवडलं असतं. पण तसं झालं नाही, तर आता ये. आतली खोली रिकामी केली आहे, मी बाहेरच्या खोलीत झोपतो, मला घोरायला तीच बरी. शनिवारची ड्युटी भोंग्याला दिली आहे. सकाळी मी तुझ्या काकांच्या दारात येतो. खाली थांबून हॉर्न वाजवणार नाही, वर येऊन बेल वाजवीन, त्यांच्या हातचा चहा पिईन आणि त्यांचे आभारही मानीन, कितीही घशात अडकले तरी. तुला यायचं नसेल तर नुसता चहा पिऊन परत जाईन, पण येणार. का, कसं, पुढे काय, यातलं काही विचारणार नाही. जेवलीस का, एवढंच विचारीन, आणि तेही रोज नाही.

कुठेही न पळालेला, तुझाच
बाबा